वजन कमी करण्याच्या, चिठ्ठीविना मिळणाऱ्या गोळ्या : फायदा किती, धोका किती?

सुरंगी (मालवण)

माझी वहिनी देवगड तालुक्यात राहते. वय 44, उंची 155 सेंटिमीटर, वजन 81 किलो, आणि सहा वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे. वैशाखात तिच्या भाचीचे लग्न आहे. गेल्या महिन्यात तिने घरात कोणालाही न विचारता दोन वस्तू आणल्या. एक ऑनलाइन मागवलेली, वर कोकमाचे लालबुंद फळ छापलेली साठ कॅप्सूलची डबी, आणि दुसरी ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेली ऑर्लिस्टॅट 120 मिलिग्रॅमची स्ट्रिप. शनिवारी मी गेले तेव्हा तिने दोन्ही वस्तू ओटीवर माझ्यासमोर ठेवल्या आणि हळूच विचारले, "वन्सं, यांतली कोणती घेऊ?"

मला उत्तर देता आले नाही, म्हणून हा धागा काढते आहे. डबी मी उलटसुलट करून पाहिली. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत "शंभर टक्के नैसर्गिक" आणि "30 दिवसांत फरक" असे लिहिले आहे. मागचा मजकूर इतका बारीक आहे की मला मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून वाचावा लागला. त्यात गार्सिनिया कॅम्बोजियाचा अर्क आहे, ग्रीन टीचा अर्क आहे, आणि त्याखाली "खास वनस्पती मिश्रण 400 मिलिग्रॅम" अशी एक ओळ आहे, परंतु त्या मिश्रणात कोणती वनस्पती किती आहे याचा उल्लेख कुठेही नाही. अगदी तळाशी "औषधी वापरासाठी नाही" असे छापलेले आहे. जी वस्तू औषध नाही असे बनवणाराच सांगतो, ती औषधासारखी दिवसातून दोनदा घ्यायची, हे मला उमगत नाही.

वहिनीला लग्नात बारीक दिसायचे आहे, हे खरे आहे आणि त्यात गैर काही नाही. पण घरापासून रस्त्यापर्यंतची पाखाडी चढताना तिला आता दोनदा थांबावे लागते, तेही मी त्या दिवशी पाहिले. त्यामुळे "नको त्या गोळ्या" एवढे सांगून मी सुटू शकत नाही. ज्यांना या विषयातले कळते त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खाडीकाठ (राजापूर)

मी परवानाधारक औषधविक्रेता आहे आणि बावीस वर्षे दुकान चालवतो. ताई, या दोन वस्तू एकाच पाटावर ठेवण्यासारख्या नाहीत. एकीत काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे आणि तिचा परिणाम माणसांवर मोजलेला आहे. दुसरीत काय आहे हे ठरवता येत नाही. म्हणून आधी ऑर्लिस्टॅटविषयी लिहितो.

आपण जे तेल, तूप, खोबरे खातो त्यातली चरबी आतड्यात लायपेज नावाच्या पाचक द्रव्यामुळे फुटते आणि मग शोषली जाते. ऑर्लिस्टॅट ते द्रव्य अडवते. 120 मिलिग्रॅमची मात्रा जेवणाबरोबर घेतली तर जेवणातली सुमारे 30 टक्के चरबी न पचता बाहेर पडते, आणि 60 मिलिग्रॅमच्या मात्रेने सुमारे 25 टक्के. भूक कमी होत नाही, अंगावर आधीच साठलेली चरबीही या गोळीने वितळत नाही. दिवसाकाठी कोणी 60 ग्रॅम चरबी खात असेल तर 18 ग्रॅम टळली, म्हणजे साधारण 160 कॅलरी. वाटीभर भाताहून थोडे जास्त, एवढाच तो हिशेब आहे. म्हणूनच अभ्यासांत असे दिसले की पथ्य पाळणाऱ्या माणसाने वर्षभर ही गोळी घेतली तर नुसते पथ्य पाळणाऱ्यापेक्षा त्याचे वजन सरासरी 3 किलोच्या आसपास अधिक उतरते. मी दुकानात हा आकडा सांगतो तेव्हा बहुतेक लोक स्ट्रिप परत ठेवतात, कारण त्यांच्या मनात महिन्याला 10 किलो असतात.

अमेरिकेत 2007 पासून 60 मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते आणि इंटरनेटवर लोक तेच वाचून येतात. आपल्याकडे ऑर्लिस्टॅट हे चिठ्ठीवर द्यायचे औषध आहे. तुमच्या वहिनींना ज्याने ते नुसते ओळखीवर दिले त्याने चूक केली, हे माझ्याच व्यवसायातला माणूस असला तरी मी स्पष्ट लिहितो. चिठ्ठी मागितली असती तर थायरॉइडचा प्रश्न तिथेच निघाला असता. ऑर्लिस्टॅटमुळे थायरॉइडच्या गोळीचे शोषण घटू शकते, म्हणून दोन्हींत किमान चार तासांचे अंतर ठेवावे लागते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन, प्रत्यारोपणानंतर घ्यायचे सायक्लोस्पोरिन आणि फेफऱ्यावरची काही औषधे यांच्याबाबतही अशीच काळजी घ्यावी लागते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे चरबीबरोबर शोषली जातात, म्हणून ती कमी पडतात. त्यांची गोळी रात्री झोपताना वेगळी घ्यावी लागते. गरोदरपणात हे औषध चालत नाही. यकृताला गंभीर इजा झाल्याची मोजकी प्रकरणे नोंदली गेल्यावर 2010 मध्ये अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकात तशी सूचना घालण्यात आली. हा प्रकार विरळ आहे, पण डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावे.

वेतोबाचा माळ (चिपळूण)

मी ही गोळी सहा महिने घेतली आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, दर महिन्याला तपासणी करून. वजन 96 वरून 89 वर आले. बंद केल्यानंतरच्या वर्षभरात 3 किलो परत चढले, उरलेले 4 अजून उतरलेलेच आहेत. रक्तदाबाची एक गोळी कमी झाली. माझ्या दृष्टीने हा फायदा मोठा आहे, आणि कोणी सरसकट "गोळ्या म्हणजे फसवणूक" असे म्हणू लागले की मला ते पटत नाही.

मात्र कोकणातल्या माणसाने ही गोळी घेताना आपले ताट पाहिले पाहिजे. ओल्या खोबऱ्याच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा चरबी असते. आमच्या घरी सकाळी घावनाबरोबर खोबऱ्याची चटणी, दुपारी वाटपाची आमटी आणि तळलेला बांगडा, रात्री पुन्हा तेच कालवण, असा क्रम होता. पहिल्या आठवड्यात मला दिवसातून चार-पाच वेळा शौचाला जावे लागले, तेही अचानक आणि आवरता न येण्यासारखे, आणि कपड्यांवर नारिंगी तेलाचे डाग पडले. गणपतीत दुपारच्या पंगतीला मी खोबऱ्याचे पाच मोदक वर तूप घेऊन खाल्ले आणि संध्याकाळच्या आरतीला मला उभे राहता आले नाही. त्या दिवशी मला फार लाज वाटली. डॉक्टरांनी पुढच्या भेटीत शांतपणे सांगितले की चरबी तिन्ही जेवणांत सारखी वाटून खाल्ली आणि एकूण कमी केली तर हा त्रास उरत नाही, आणि तसेच झाले. बांगडा तव्यावर थेंबभर तेलात भाजायला लागलो, वाटपातले खोबरे निम्मे केले, आंबटपणासाठी आमसुले वाढवली. मला वाटते माझे निम्मे वजन गोळीने नाही, या बदलाने उतरले, आणि जे 4 किलो टिकले तेही त्यामुळेच.

रातांबा (गुहागर)

मूळ धाग्यात डबीवर कोकमाचे चित्र आहे हे वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमचा बचत गट गेली अकरा वर्षे आमसुले, आगळ आणि कोकम सरबत करतो. दोन वर्षांपूर्वी एक व्यापारी आमच्याकडे आला. त्याला सोलांची सुकी पूड हवी होती आणि पाकिटावर "चरबी जाळणारे कोकणी कोकम" असे छापायचे होते. भाव चांगला देत होता. गटातल्या एका मुलीने तो मजकूर कशाच्या आधारावर छापणार असे विचारले तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही नकार दिला. तेवढ्या पैशांत आमच्या वाळवणाच्या मांडवावर नवे पत्रे आले असते, आणि त्याचा विचार आम्ही दोन दिवस केला, हेही खोटे का सांगू?

कोकम आणि गार्सिनिया कॅम्बोजिया ही भावंडे आहेत, एक नव्हेत. आपला रातांबा म्हणजे गार्सिनिया इंडिका. कॅम्बोजिया म्हणजे केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी, जिचे फळ पिकल्यावर पिवळे होते. दोघांच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. शरीरात साखरेपासून चरबी बनवणाऱ्या एका द्रव्याला हे आम्ल प्रयोगशाळेत अडवते, आणि तेवढ्याच गोष्टीवर ही सगळी विक्री उभी आहे. माणसांवर काय होते ते अमेरिकेत नीट तपासले गेले. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत 135 माणसे होती, निम्म्यांना रोज या आम्लाचे 1500 मिलिग्रॅम आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी बारा आठवडे दिली गेली, आहार दोघांचाही सारखाच ठेवला. औषधवाल्यांचे वजन सरासरी 3.2 किलो उतरले आणि बिनऔषधवाल्यांचे 4.1 किलो. पुढे या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृत बिघडल्याची प्रकरणेही वैद्यकीय नियतकालिकांत आली.

सोलकढी आणि सरबत यांना घाबरण्याचे कारण नाही. जेवणात घातलेली दोन-चार आमसुले आणि अनेक फळांच्या सालींचा अर्क घट्ट करून रोज पोटात घालणे, यांत फरक आहे. फक्त बाजारच्या कोकम सरबतात साखर किती असते ते पाहून प्या, वजनाच्या दृष्टीने प्रश्न तिचा आहे.

पाणंद (सावंतवाडी)

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. घरात घडलेले सांगतो. माझ्या आईने चार वर्षांपूर्वी जत्रेतल्या एका स्टॉलवरून "संपूर्ण आयुर्वेदिक" म्हणून वजनाच्या कॅप्सूल घेतल्या. पाकिटावर ना परवाना क्रमांक होता, ना पूर्ण पत्ता. पंधरा दिवसांत तिची भूक जवळजवळ गेली आणि महिन्यात 4 किलो वजन उतरले. आम्ही सगळे खूश होतो. मग तिला झोप येईना, तोंड सतत कोरडे पडू लागले आणि एका रात्री छातीत इतकी धडधड झाली की आम्ही गाडी करून तिला मोठ्या रुग्णालयात नेले. रक्तदाब 180/110 होता. कॅप्सूल थांबवल्यावर दहा-बारा दिवसांत सगळे पूर्वपदावर आले.

त्या कॅप्सूलमध्ये काय होते हे आम्हाला कधीच कळणार नाही, कारण वडिलांनी रागाच्या भरात ती डबी परसात जाळून टाकली. माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे की असा त्रास झाला तर गोळी बंद करा, पण डबी, उरलेल्या कॅप्सूल आणि बिल जपून ठेवा. डॉक्टरांना ती दाखवता येते आणि तपासणीला पाठवता येते.

गावडीवाडी (रत्नागिरी)

एवढी चर्चा कशाला? रोज सकाळी तासभर चालायला लावा आणि भात कमी करा. आमच्या आज्यांना कोणत्या गोळ्या लागत होत्या?

मांडवी धक्का (मुंबई, मूळ वेंगुर्ले)

मी डॉक्टर आहे. वरच्या प्रतिसादाबद्दल आदर राखून लिहितो की हे वाक्य ऐकून ऐकूनच माणसे डॉक्टरांकडे न येता गुपचूप ऑनलाइन डबी मागवतात. आज्या डोक्यावर हंडा घेऊन दिवसातून चार वेळा विहीर उतरत होत्या आणि चढत होत्या. या वहिनींना थायरॉइड आहे, रजोनिवृत्तीचे वय जवळ आले आहे, चढाला दम लागतो. चालणे आणि आहार हा पाया आहेच, त्याबद्दल दुमत नाही. अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांनी वजन 7 टक्के उतरवण्याचे आणि आठवड्याला 150 मिनिटे चालण्यासारख्या व्यायामाचे ध्येय ठेवले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. परंतु लठ्ठपणा हा आजार आहे आणि काहींना त्यावर औषध लागते, जसे रक्तदाबावर लागते.

वहिनींचा देहभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप) 33 च्या पुढे जातो. भारतीयांसाठी 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरला जातो, कारण आपल्याकडे पोटाभोवतीची चरबी कमी वजनातच त्रास देऊ लागते. त्यांच्या बाबतीत औषधाचा विचार करणे योग्यच आहे, तो डॉक्टरांसमोर व्हावा. 81 किलोतले 4 किलो उतरले तरी 5 टक्के होतात, आणि तेवढ्याने रक्तदाब, साखर आणि गुडघे यांत फरक दिसू लागतो. बारा आठवडे गोळी घेऊनही 5 टक्के उतरले नाहीत तर ती पुढे चालू ठेवण्यात सहसा अर्थ नसतो.

पाणंद यांच्या आईंची लक्षणे वाचून मला सिब्युट्रामिनची आठवण झाली. डबीच उरली नसल्याने तेच होते असे मी म्हणणार नाही. पण हे नाव सर्वांना माहीत असावे. भूक मारणारे हे औषध एके काळी रीतसर विकले जात होते. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर केलेल्या चाचणीत, ते घेणाऱ्यांपैकी 11.4 टक्के लोकांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तत्सम गंभीर घटनेला सामोरे जावे लागले, तर न घेणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्के होते. 2010 मध्ये युरोप आणि अमेरिकेतून ते काढून घेतले गेले आणि 2011 मध्ये भारतात त्यावर बंदी आली. बंदी आली तरी ते संपले नाही. "वनौषधी" म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या गोळ्यांत ते चोरून मिसळलेले असल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार उघड केले आहे. कुठलीही नैसर्गिक गोळी भूक एकदम मारत असेल तर मला आनंद होत नाही, संशय येतो.

या क्षेत्राचा इतिहासही तसाच आहे. वजनाची औषधेच घ्या. फेनफ्लुरामिन 1997 मध्ये हृदयाच्या झडपा बिघडल्यामुळे बाजारातून गेले, रिमोनाबँट 2008 मध्ये युरोपात नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे थांबवले गेले, लॉर्कासेरिन 2020 मध्ये कर्करोगाच्या शंकेने काढून घेतले. ही सगळी तपासून, परवानगी घेऊन आलेली औषधे होती आणि तरीही त्यांचा दोष कळायला वर्षे लागली. ज्या डबीची कोणी तपासणीच केली नाही, तिचा दोष कोण शोधणार?

अबोली (दापोली)

माझी मैत्रीण ग्रीन टीच्या गोळ्या घेते आणि दुसरी एक पोट भरल्यासारखे वाटणारी कोंजाकची पूड घेते. तिसरी सोनामुखीचा काढा रोज रात्री पिते. यांबद्दल कोणी सांगेल का?

खाडीकाठ (राजापूर)

ग्रीन टी कपाने प्यायला हरकत नाही, परंतु गोळीत तिचा अर्क असतो. त्यातल्या ईजीसीजी या घटकाची मात्रा दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक झाली तर रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात (यकृताला त्रास होत असल्याची ती खूण), असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितले. सुरंगीताईंच्या डबीत गार्सिनिया आणि ग्रीन टी दोन्ही आहेत, म्हणजे यकृतावरच्या दोन शंका एका कॅप्सूलमध्ये.

कोंजाकची पूड, म्हणजे ग्लुकोमॅनन, पाणी शोषून फुगते. कमी खाण्याबरोबर, जेवणापूर्वी एक-दोन पेले पाण्यासह, दिवसाला 3 ग्रॅम घेतली तर थोडा उपयोग होतो असे मानले जाते. पाणी कमी प्यायले तर ती घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकते, म्हणून गिळायला त्रास होणाऱ्यांनी ती घेऊ नये.

सोनामुखीने चरबी जात नाही, पाणी जाते. दुसऱ्या दिवशी काटा खाली दिसतो आणि पाणी प्यायल्यावर वर येतो. रोज घेतल्याने रक्तातले पोटॅशियम घटते आणि पायांत गोळे येण्यापासून हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. मैत्रिणीला तो काढा थांबवायला सांगा.

कायद्याचेही एक वाक्य लिहितो, कारण ते ग्राहकाच्या हातातले शस्त्र आहे. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा 1954 पासून आहे आणि ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. गोळीचा त्रास झाल्यास 1800-180-3024 या राष्ट्रीय क्रमांकावर औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करता येते, त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

सुरंगी (मालवण)

सर्वांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद मी वहिनीला मोठ्याने वाचून दाखवले. चिपळूणच्या दादांचा आरतीचा प्रसंग ऐकून ती गप्प झाली आणि मग म्हणाली की एवढे खरे सांगणारा माणूस विकणारा नसतो.

मंगळवारी आम्ही दोघी तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन आलो. तिने आतापर्यंत आठ कॅप्सूल घेतल्याचे मला तिथेच कळले. डॉक्टरांनी डबी पाहिली, ती बंद करायला सांगितली आणि यकृताची तपासणी केली. ती ठीक आली. थायरॉइडची तपासणी मात्र ठीक नव्हती. टीएसएच (थायरॉइड कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) 7.8 निघाले, कारण गेल्या दोन वर्षांत तिने रक्तच तपासले नव्हते आणि सकाळची गोळी ती चहाबरोबरच घेत होती. आता ती गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आहे, मात्राही वाढवली आहे. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून मग ऑर्लिस्टॅटचे ठरवू, असे डॉक्टर म्हणाले. लग्न त्याआधीच आहे. वहिनीला याचे वाईट वाटले, येताना एसटीत ती फारसे बोलली नाही.

उरलेल्या बावन्न कॅप्सूल बिलासह एका पिशवीत घालून ठेवल्या आहेत. ऑर्लिस्टॅटची स्ट्रिप मी मागितली, पण तिने दिली नाही. ती फडताळात वरच्या खणात आहे आणि तिच्या पाकिटावर वहिनीने स्वतःच्या हाताने पेनने पुढच्या रक्ततपासणीची तारीख लिहिली आहे. अहवाल आला की इथे कळवते.